दुःखाचीं इंग्रजी नांवें

आमच्या विद्यार्थिबंधूंच्या इंग्रजी निबंधांतील एक गोष्ट आम्हांस फार खटकते. पेन्सिल हरवली तरी ‘ॲगनी’, आणि आजी वारली तरी नुसतें ‘सॅड’! ‘ॲगनी’ हा शब्द मूळचा ग्रीक; विजयासाठीं केलेली झुंज हा त्याचा आद्य अर्थ. पेन्सिलीसाठीं एवढें कोण झुंजतो? ‘सॉरो’ हा इंग्रजांचा घरचा, जुना शब्द. ‘ग्रीफ’ व ‘अँग्विश’ हे मात्र १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच भाषेंतून आले. ‘ग्रीफ’च्या मुळाशीं ‘जड’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, ‘अँग्विश’च्या मुळाशीं ‘अरुंद’ या अर्थाचा. आमचेंही मन दुःखानें जड होतें, जीव कोंडल्यासारखा होतो. मग कोशांत पाहून या सर्वांपुढें ‘दुःख’ एवढेंच लिहून पाठ करण्यांत काय हंशील? ‘कोंडमारा’ म्हटल्याबरोबर ‘अँग्विश’ उमगतो.

पालकांसही एक विनंती. मूल ‘मला कसेंसेंच होतें’ म्हणालें, तर ‘कांहीं नाहीं, खेळायला जा’ असें म्हणून त्यास वाटेस लावूं नये. भय, हुरहूर, अपमान, यांपैकीं नेमकें काय, हें त्यास आपल्याच बोलींत सांगूं द्यावें. त्याचें इंग्रजी नांव शिक्षक मागाहून शिकवितील.