'फिट फॉर ड्युटी', पण कुठल्या ड्युटीला?

गेल्या महिन्यात ओपीडीत एक पेशंट आला. वय बेचाळीस. (ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत.) आपल्याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे क्रेन ऑपरेटर. सात महिन्यांपूर्वी मुंबईत वजन कमी करण्याचं बायपासचं ऑपरेशन झालेलं. वजन ३१ किलोने उतरलं, शुगरच्या गोळ्या बंद झाल्या, घरचे खूश. तक्रार एकच. पंधरा दिवसांत दोनदा नाईटला डोळ्यांपुढे अंधारी आली, दरदरून घाम फुटला, हात थरथरले. दुसऱ्या वेळी तो क्रेनच्या केबिनमध्ये होता.

मी विचारलं, "त्याआधी काय खाल्लं होतंत?"

"काही नाही डॉक्टर, चहा-बिस्कीट. दोन वाजता सगळेच घेतात."

क्रेनवर चढायचं नाही असं बजावलं आणि ग्लुकोमीटर घ्यायला लावला. तीन दिवसांनी पुन्हा तेच झालं, सुदैवाने खाली जमिनीवर. गोड चहा आणि बिस्किटांनंतर पावणेदोन तासांनी साखर होती ५१.

त्याच्या फाईलमध्ये ऑपरेशननंतर महिन्याभराने दिलेला दाखला होता. त्यावर तीन शब्द होते, 'फिट फॉर ड्युटी'. कुठली ड्युटी, किती वाजताची, किती उंचीवरची, काही नाही. त्या तीन शब्दांबद्दलच आज लिहायचं आहे. कुणावर बोट दाखवण्याआधी कबूल करतो की असे दाखले गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मीही शेकड्याने दिले आहेत.

ऑपरेशन नेमकं काय करतं

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, उरते एक अरुंद नळी. बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. माणूस कमी खातो, भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक कमी होतं (विशेषतः स्लीव्हनंतर), आतड्यातून सुटणारी संप्रेरकं बदलतात आणि मधुमेह बऱ्याचदा आटोक्यात येतो. ऑपरेशन चांगलं आहे, योग्य पेशंटसाठी फारच चांगलं. माझं भांडण ऑपरेशनशी नाही.

भांडण आहे ते त्यानंतर हातात दिल्या जाणाऱ्या कागदाशी. 'सकाळी ८ नाश्ता, दुपारी १ जेवण, रात्री ८ हलकं जेवण, १० वाजता झोप.' हा कागद बँकेतल्या माणसासाठी लिहिलेला आहे. थळ, डोलवी, नागोठणे, धाटाव, उरण इथे पाळ्यांमध्ये राबणाऱ्या माणसासाठी तो लिहिलेलाच नाही. रात्री दहाला झोपायचं असं लिहिलेल्या माणसाची कंपनीची बस साडेआठला नाक्यावर येते.

रात्रीचं शरीर वेगळं असतं

शरीरात घड्याळ आहे हे आता नुसतं म्हणण्यापुरतं राहिलेलं नाही. ते पेशींमध्ये कसं चालतं हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. या घड्याळाप्रमाणे रात्री इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. तीच भाकरी दुपारी खाल्ली तर साखर जेवढी चढते, त्याहून जास्त रात्री दोनला चढते. झोप अपुरी राहिली की घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं. म्हणजे ऑपरेशन माणसाला एका बाजूला ओढतं आणि नाईट शिफ्ट दुसऱ्या बाजूला. दोन वर्षांनी वजन पुन्हा वाढू लागलं की आपण म्हणतो, "याला जिभेवर ताबा नाही."

वजनदार माणसाला हसायची आपल्याला सवयच आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका पोलीस निरीक्षकाचा फोटो मुंबईतल्या एका प्रसिद्ध लेखिकेने ट्विटरवर टाकला आणि देश हसला. पुढे त्या निरीक्षकाचं ऑपरेशन मुंबईतच झालं, मग 'आधी आणि नंतर'च्या बातम्या आल्या. पोलिसांची ड्युटी कशी असते, जेवण किती वाजता होतं, झोप किती मिळते, हा प्रश्न मात्र हसतानाही कुणाला पडला नाही आणि टाळ्या वाजवतानाही नाही.

अर्ध्या तासाचं गणित

सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको आणि मध्ये किमान अर्धा तास विश्रांती, हा १९४८ च्या कारखाने अधिनियमाचा दंडक होता. धडधाकट माणसाला तो अर्धा तास कसाबसा पुरतो. आता आमच्या पेशंटचं बघा. त्याला घास बारीक चावून सावकाश खायचा आहे, म्हणजे वाटीभर जेवणालाच वीस-पंचवीस मिनिटं. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचं. म्हणजे पाणी प्यायची वेळ येते तेव्हा सुट्टी संपलेली असते. बऱ्याच प्लांटमध्ये मशीनपाशी बाटली न्यायला मनाई असते, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ती बरोबरही आहे. पण दिवसाला दीड-दोन लिटर पाणी घोट घोट करून पिणं ज्याला सक्तीचं आहे, त्याने ते कधी प्यायचं? भट्टीजवळ, आपल्या किनाऱ्याच्या घामट हवेत? ऑपरेशननंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत पुन्हा ॲडमिट व्हावं लागण्याचं शरीरातलं पाणी कमी होणं हे एक नेहमीचं कारण आहे.

कँटीनमध्ये रात्री दोनला काय असतं? वडा, पाव, गोड चहा, ग्लुकोजची बिस्किटं. बायपासनंतर साखर झपाट्याने आतड्यात उतरते, इन्सुलिन उसळतं आणि एक ते तीन तासांनी रक्तातली साखर धाडकन खाली येते. याला लेट डम्पिंग म्हणतात. त्याच्या क्रेनच्या केबिनमध्ये घडलं ते हेच. खाली माणसं काम करत होती, हे सांगायला नको.

"मग दुसरी नोकरी बघा ना"

हे मला तीन ठिकाणी ऐकायला मिळालं. एका सर्जनकडून, एका एचआर अधिकाऱ्याकडून आणि पेशंटच्या सख्ख्या मेव्हण्याकडून. तिघांनाही माझा प्रश्न एकच: कुठली नोकरी? दहावी-आयटीआय झालेल्या, घराचे हप्ते फेडणाऱ्या बेचाळिशीच्या माणसाला अलिबाग-पेणच्या पट्ट्यात फक्त दिवसाची नोकरी कोण देणार आहे?

दुसरा युक्तिवाद जास्त सभ्य वाटतो: "पाळीत काम करणाऱ्यांनी हे ऑपरेशन करूच नये." हा तर न्याय उलटा झाला. पाळ्यांचं काम आणि लठ्ठपणा-मधुमेह यांचं नातं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ज्यांचं वजन वाढण्यात कामाचा हात आहे, त्यांनाच कामाचं कारण देऊन उपचार नाकारायचे?

तिसरा युक्तिवाद कंपनीचा: "एकाला सवलत दिली तर सगळेच मागतील." मागणारे किती असतील? एका प्लांटमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही काही महिन्यांसाठी. हाड मोडलेल्या माणसाला आपण सहा आठवडे हलकं काम देतोच ना? त्याचं प्लास्टर दिसतं, याचं ऑपरेशन दिसत नाही, एवढाच फरक.

विम्याचा हिशोबही बघा. बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार, असे निकष पूर्ण झाले तर लठ्ठपणाचं ऑपरेशन सरसकट नाकारता येत नाही, असं विमा नियामकाच्या नियमांत आहे. चांगली गोष्ट. पण पुढे आयुष्यभर लागणारी जीवनसत्त्वं आणि रक्ततपासण्या बहुतेक पॉलिसींमध्ये बसत नाहीत, आणि नाईट बंद झाल्याने बुडणारा भत्ता तर कुठेच बसत नाही. लाखोंचं ऑपरेशन पास होतं आणि महिन्याच्या गोळ्यांवर सगळं अडतं.

काय व्हायला हवं

माझ्या सर्जन मित्रांना: ऑपरेशनआधी पाळी विचारा आणि केसपेपरवर लिहा. आहाराचा कागद दोन प्रकारचा ठेवा, एक दिवसाचा, एक नाईटचा.

दाखला देणाऱ्या आम्हा सगळ्यांना: 'फिट फॉर ड्युटी' एवढंच लिहिणं बंद करा. माझ्या मते पहिले तीन महिने नाईट नको. साखर उतरण्याचा त्रास पूर्ण थांबेपर्यंत क्रेन, उंचीवरचं काम आणि ड्रायव्हिंग नको. हे स्पष्ट शब्दांत, तारखेसह लिहा.

कंपन्यांना आणि ठेकेदारांना: अर्ध्या तासाच्या सुट्टीशिवाय दहा-दहा मिनिटांच्या दोन सुट्ट्या द्या. पाळी फिरवायची तर सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे फिरवा, उलटी नको. अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कँटीन ठेवायला लावायची तरतूद त्याच १९४८ च्या कायद्यात होती. त्या कँटीनमध्ये रात्री उकडलेली अंडी, मुगाची उसळ, बिनसाखरेचं ताक ठेवायला काय जातं? कारखान्याच्या डॉक्टरला सांगितलेली गोष्ट ठेकेदारापर्यंत पोचणार नाही, एवढी हमीही द्या.

आणि तुम्ही, पेशंटने

व्यवस्था बदलेपर्यंत तुम्हाला जगायचं आहे. रात्री १० ते ६ च्या पाळीसाठी मी असं सांगतो. गोळ्या घड्याळाच्या काट्याला नको, झोपेला बांधा.

- घरी आल्यावर हलकं काहीतरी खा आणि झोपा. खोलीत अंधार, फोन बंद. घरच्यांना सांगा की ही तुमची रात्र आहे. स्लीप ॲप्नियासाठी सीपॅप मशीन असेल तर ते दिवसाच्या झोपेलाही लावायचं. वजन उतरलं म्हणून स्वतःच बंद करू नका, पुन्हा तपासणी करूनच ठरवायचं.
- दुपारी उठल्यावर लोहाची गोळी. तिच्या आगेमागे तासभर चहा नको. नंतर प्रथिनांचं जेवण. आपल्याकडे मांदेली, बोंबील, कोळंबी असताना महागड्या पावडरीच्या डब्यांवरच कशाला विसंबायचं? दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हे लक्ष्य ठेवा.
- कॅल्शियम लोहापासून किमान दोन तास दूर, आणि एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. संध्याकाळी एक, पाळीत एक.
- मुख्य जेवण कामावर निघण्याआधी. मध्यरात्री छोटा डबा: अंडं, पनीर किंवा उसळ. गोड चहा आणि बिस्कीट बंद.
- चक्कर, घाम, थरथर सुरू झाली तर काम थांबवा आणि शेजारच्याला सांगा. साखर मोजा. कमी असेल तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्या आणि बरं वाटल्यावर प्रथिनांचं काहीतरी खा, नाहीतर साखर पुन्हा घसरते. त्याच आठवड्यात डॉक्टरकडे या.
- अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका, बायपासनंतर तर नाहीच. जोडणीच्या जागी अल्सर होतो. जागं राहण्यासाठी तंबाखू, मिश्री, सिगारेट हेही त्याच अल्सरला आमंत्रण.
- दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील तर नुसतं सलाईन लावून घरी जाऊ नका. बी-१ म्हणजे थायमिन कमी पडलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावातल्या डॉक्टर मित्रांनाही विनंती आहे: अशा पेशंटला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्या.
- पोटात अचानक जोरात दुखलं किंवा शौचाला काळी झाली तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री सर्जन असलेल्या हॉस्पिटलला जा.
- इन्सुलिन किंवा शुगर-बीपीच्या गोळ्या अजून चालू असतील तर पाळी बदलताना डोस आणि वेळ विचारून घ्या.

त्या पेशंटचं काय झालं

मी पत्र दिलं: तीन महिने नाईट नको, क्रेन नको, जमिनीवरचं काम चालेल. पत्र न्यायला तो तयार नव्हता. म्हणाला, "डॉक्टर, हे दाखवलं तर उद्यापासून माझ्या जागी दुसरा." शेवटी बायकोने समजावलं. चार दिवसांनी ठेकेदाराकडून उत्तर आलं, 'हलकं काम उपलब्ध नाही. पूर्ण फिट झाल्यावर हजर व्हावे.'

आज तो बिनपगारी घरी आहे. आहार बदलल्यापासून एकदाही साखर उतरलेली नाही. तब्येत उत्तम आहे. मागच्या आठवड्यात येऊन त्याने विचारलं, "आता लिहून द्या ना डॉक्टर, फिट म्हणून."

मी दिलं नाही. दिवसाच्या पाळीला फिट, क्रेनला अजून सहा आठवडे नाही, असं लिहून दिलं. तो काही न बोलता कागद घडी करून खिशात घालून गेला. त्याचा राग मला समजतो. एक साधा दाखला देऊन मी त्याचा पगार सुरू करू शकलो असतो. पण त्या क्रेनखाली उभ्या असणाऱ्या माणसांनीही कुणाकडून तरी 'फिट'चा दाखला घेतलेलाच असतो, आणि त्यांना वरच्या केबिनमधल्या माणसाची साखर किती आहे हे कळायचा काही मार्ग नाही. ते कळतं फक्त मला आणि त्याला. आम्ही दोघांनीही गप्प बसायचं ठरवलं, तर मग तपासणी करायचीच कशाला?

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधांचे डोस आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.)