विकलेली वस्तू कोणाची?

आपल्या महाविद्यालयात दरवर्षी जून-जुलैत एक बाजार भरतो. त्याला ना दुकान, ना पाटी. द्वितीय वर्षात गेलेला विद्यार्थी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला इतिहासाचे, राज्यशास्त्राचे पुस्तक अर्ध्या किमतीत देतो आणि त्या पैशांत भर घालून स्वतःची पुढची पुस्तके घेतो. पहिल्या पानावर दोन-तीन नावे खोडलेली असतात. महत्त्वाच्या ओळींखाली आधीच रेघा मारलेल्या असतात, हा फायदा वेगळाच! प्रकाशकाला या व्यवहारातून दमडीही मिळत नाही. पण म्हणून ही चोरी आहे असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

हे सारे आठवले ते मात्र व्हिडिओ गेममुळे. प्राध्यापक मंडळींनी एवढ्यावरूनच पान उलटू नये. विषय खेळाचा दिसला तरी प्रश्न मालकीचा आहे.

माझा मामेभाऊ नागपूरला असतो. त्याच्याकडे सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ४ होते, तेही कोणाकडून तरी जुने घेतलेले. जानेवारी २०१४ मध्ये हे यंत्र भारतात आले तेव्हा त्याची किंमत ३९,९९० रुपये होती. धानाच्या पिकावर चालणाऱ्या घरात खेळासाठी एवढी रक्कम मागायची तरी कोणत्या तोंडाने? तेव्हा यंत्र जुने आणि खेळाच्या डिस्काही जुन्या. एक खेळ संपला की तो विकायचा, वर थोडे पैसे टाकायचे आणि दुसरा आणायचा. देवरीहून दिवाळीत मामाकडे गेलो की मी त्याच डिस्कांवर हात साफ करीत असे. नवा खेळ आम्ही दोघांनी मिळून एकदाही घेतला नाही.

हीच उलाढाल बंद पाडण्याचा घाट २०१३ साली घातला गेला होता. मायक्रोसॉफ्टने आपले नवे यंत्र, एक्सबॉक्स वन, जाहीर केले आणि सोबत अटी सांगितल्या. यंत्राने चोवीस तासांतून एकदा तरी इंटरनेटला जोडले गेले पाहिजे. डिस्क मित्राला द्यायची तर एकदाच, आणि तीही यादीत किमान तीस दिवस असलेल्या मित्राला. दुकानात परत विकता येईल की नाही, हे खेळाची प्रकाशक कंपनी ठरवणार! ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करावे, या प्रश्नावर कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याने त्यांच्यासाठी आमचे जुने एक्सबॉक्स ३६० आहेच, अशा अर्थाचे उत्तर दिले. पहिल्या सरीला वीज आणि तिच्यामागोमाग नेटवर्क जाणाऱ्या आपल्या भागात हे उत्तर चांगलेच समजते.

त्याच जूनमध्ये सोनीने भर सभेत सांगितले की, आमच्या यंत्रावर जुन्या खेळांना कसलीही आडकाठी नाही. आणि किंमतही शंभर डॉलरने कमी, ३९९ डॉलर, ठेवली. खेळ मित्राला कसा द्यावा हे शिकवणारी अर्ध्या मिनिटाहूनही छोटी चित्रफीत त्यांनी काढली. तीत एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, बस्स! १९ जून २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने अटी मागे घेतल्या.

यावरून स्पर्धा असली की ग्राहक सुरक्षित, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. जो दरवाजा धडाक्याने लावता आला नाही तो पुढे हळूच लोटण्यात आला, आणि तो दोन्ही कंपन्यांनी लोटला. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ साली आले. डिस्क चालणाऱ्या यंत्राची किंमत तेव्हा ४९,९९० रुपये होती आणि डिस्कची खाचच नसलेल्याची ३९,९९०. पैसे वाचतात म्हणून माणूस दुसरे घेतो, आणि पुढे प्रत्येक खेळ कंपनीच्याच दुकानातून, कंपनी सांगेल त्या भावाने उतरवून घेतो. असा खेळ विकता येत नाही की कोणाला देता येत नाही. बंदी कोणी घातली नाही. पण विकायला हातात काही उरलेच नाही.

खेळ तयार करणाऱ्यांची बाजू अगदीच खोटी नाही. शेकडो माणसे वर्षानुवर्षे राबतात आणि तीच डिस्क चार घरे फिरली तर त्यांना पैसे एकाच घराचे मिळतात. पण हे पुस्तकाच्या लेखकालाही लागू आहे. अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरीत छापले होते की ही एक डॉलरहून कमी किमतीत विकू नये. मेसीज नावाच्या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. खुद्द व्हिडिओ गेमच्या माहेरी, जपानात, बड्या कंपन्या जुने खेळ विकणाऱ्या दुकानदारांविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि एप्रिल २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरल्या. शिवाय जुना खेळ विकून आलेला पैसा बहुधा नव्या खेळातच जातो, याचा हिशेब कंपन्या मांडीत नाहीत.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. प्रती लोकांपर्यंत पोहोचवण्याचा लेखकाचा हक्क सांगताना आधीच वितरणात असलेल्या प्रती त्याच्या १४ व्या कलमाने वगळल्या आहेत. आपला जून-जुलैचा बाजार चालतो तो या आधारावर. पण त्याच कलमात संगणक प्रणालीच्या विक्रीचा हक्क सांगितला आहे तिथे अशी सूट शब्दांत दिलेली नाही. पुस्तकाला जे स्पष्ट दिले ते डिस्कला आणि उतरवून घेतलेल्या खेळालाही स्पष्ट द्यावे, एवढीच माझी मागणी आहे. कॅलिफोर्नियाने निदान एवढे केले की, केवळ परवाना देऊन 'खरेदी करा' असे लिहायचे असेल तर ग्राहकाला तसे स्वच्छ सांगावे लागते. तो कायदा २०२५ पासून लागू झाला. विकता येत नाही ते विकत घेतले म्हणू नये, हे साधे मराठी आपल्या कायद्यालाही कळायला हरकत नसावी.

मामेभावाने गेल्या वर्षी जुने यंत्र देऊन खाच नसलेले नवे घेतले. उरलेल्या अकरा डिस्का एका खोक्यात माळ्यावर पडल्या आहेत. "घेऊन जा तू," तो म्हणाला. माझ्याकडे यंत्र नाही. तरी या दिवाळीत खोके देवरीला आणणार आहे. वसतिगृहात कोणाकडे जुने प्लेस्टेशन ४ असेल तर कळवावे.