निष्काळजी कोण?

रामदासपेठ ही नागपुरातील दवाखान्यांची वस्ती. विदर्भात कोठेही दुखणे हाताबाहेर गेले, की प्रसंगी बैलजोडी विकून रोग्याला येथवर आणले जाते. परंतु फवारणीतून होणारी विषबाधा एवढी उसंत देत नाही. ऑरगॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशक कातडीवाटे वा श्वासावाटे शरीरात शिरले, की मज्जातंतूंना आवर घालणारे कोलिनेस्टरेज हे द्रव्य निकामी होते. घाम व लाळ वाहू लागते, बाहुल्या आकसतात, फुप्फुसांत पाणी भरते. उपचार जवळच्या जवळच व्हावा लागतो. 2017 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो जण विषबाधित झाले आणि वीसहून अधिक दगावले. त्या वेळी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे कोलिनेस्टरेज मोजण्याचीही सोय नव्हती. रामदासपेठेपासून हे अंतर अवघे दीडशे किलोमीटरचे!

आता कायदा काय म्हणतो ते पाहावे. केरळात 1958 साली फॉलिडॉल मिसळलेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्या चौकशीतून 1968 चा कीटकनाशक कायदा व 1971 चे नियम जन्माला आले. या विषांच्या निर्मितीत व फवारणीत असणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी व्हावी, ऑरगॅनोफॉस्फेटशी संबंध येणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज दरमहा मोजले जावे, त्यांना संरक्षक कपडे, श्वसनसाधने व प्रशिक्षण मिळावे, प्रतिविषाचा साठा असावा, हे सारे त्या नियमांत आहे. म्हणजे धडधाकट मजुराची जी तपासणी दरमहा व्हावयास हवी, ती सेहेचाळीस वर्षांनंतर मरणोन्मुख मजुराचीही होऊ शकली नाही.

मग दोष कोणाचा? त्या दिवसांत उत्तर तयार होते: मजुराचा. त्याने हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याची दिशा पाहिली नाही, दोन-तीन औषधे एकत्र मिसळली. यातले काही खरेही असेल. पण त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर वाढली होती, ओळी दाट होत्या आणि डोक्याच्या उंचीवर पंपाचा फवारा मारताना तुषार अंगावरच येत होते. उकाड्यात घामाने भिजलेली कातडी विष अधिक वेगाने शोषून घेते. ज्याला पंपामागे मजुरी मिळते, तो पंप मोजील की वारा? औषध कोणते व कशात मिसळावे, हे बहुधा कृषी सेवा केंद्राचा दुकानदारच सांगतो, आणि त्याचे हित अधिक डबे खपण्यात असते.

पुढे संरक्षक किट वाटण्यात आले. विदर्भाच्या ऑक्टोबरात तो पोशाख चढवून दिवसभर पाठीवर पंप वाहण्याचा प्रयोग वाटप करणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःवर केला असेल? अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशकविषयक आचारसंहिता याबाबत अधिक प्रामाणिक आहे. ज्या कीटकनाशकासाठी त्रासदायक, महाग वा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ते उष्ण प्रदेशातील लहान शेतकरी व शेतमजूर यांच्यासाठी टाळावे, असे ती म्हणते. माणसाला विषाजोगे करण्यापेक्षा विषच हटवावे, हा त्याचा सरळ अर्थ.

हटविण्याचा आपला वेग मात्र पाहण्यासारखा आहे. मोनोक्रोटोफॉसवर बंदी घालावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने भारताला 2009 मध्ये केली. 2013 मध्ये बिहारात याच विषाने शाळेतील दुपारच्या जेवणातून 23 मुलांचा बळी घेतला. यवतमाळ झाले. त्याच्या 36 टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघाला तो 2023 मध्ये, आणि त्यातही दुकानातला साठा विकून संपविण्याची सवलत होती. राज्य सरकारचे हात तर कायद्यानेच आखूड केलेले. नोव्हेंबर 2017 मध्ये महाराष्ट्राने यवतमाळसह पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर बंदी घातली, ती 60 दिवसांची. तोवर फवारणीचा हंगाम सरत आला होता.

कारखान्यात असे मृत्यू झाले असते, तर निदान मालक कोण एवढे तरी ठरले असते. येथे मालक म्हणजे पाच एकरांचा कर्जबाजारी शेतकरी, जो पुष्कळदा स्वतःच पंप वाहतो. 2020 ची व्यावसायिक सुरक्षा संहिता सामान्यतः दहा कामगारांच्या आस्थापनेपासून सुरू होते. त्या शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून काय साधणार? नफा जेथे साचतो तेथवर जबाबदारी पोचली पाहिजे. यवतमाळच्या पीडित कुटुंबांनी ते ओळखले. 2020 मध्ये त्यांनी सिंजेंटा कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमधील बासेल गाठले. तिच्या ‘पोलो’ या कीटकनाशकातील डायफेन्थियुरॉन त्या देशात वापरण्यास परवानगी नाही आणि त्यावर विशिष्ट प्रतिविषही नाही. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. पण नुकसानभरपाईसाठी कापूस पिकविणाऱ्याला परक्या देशाच्या न्यायालयापर्यंत जावे लागावे, ही नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन भरविणाऱ्या राज्याला भूषणावह गोष्ट नव्हे.

कायद्याच्या 26 व्या कलमानुसार विषबाधेची प्रत्येक घटना कळविणे सक्तीचे करण्याचा अधिकार राज्याला आहे. तो पुरता वापरावा. कपाशीच्या प्रत्येक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात कोलिनेस्टरेज तपासणीची सोय आणि ॲट्रोपिन व प्रॅलिडॉक्सिमचा साठा फवारणीपूर्वी, म्हणजे जुलै सरण्याआधी, पोचवावा. आणि त्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी न मारता डब्यामागे उपकर बसवून उत्पादकांकडून वसूल करावा.