लाकडाच्या भट्ट्या बंद झाल्या तर वांद्र्याच्या नाताळचं काय?

डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की वांद्र्याच्या रानवार, चिंबई, पाली अशा जुन्या गावठाणांत एक दृश्य हमखास दिसायचं. घरातलं कुणीतरी अॅल्युमिनियमच्या थाळ्या फडक्याने झाकून बेकरीकडे निघायचं. थाळीत रवा, ओलं खोबरं, साखर आणि अंडी यांचं मिश्रण. ईस्ट इंडियन घरांत याला 'थाली स्वीट' म्हणतात. गोव्याकडच्या लोकांना ते आपल्या 'बाथ'चं भावंड वाटेल. घरात ओव्हन नसायचा, त्यामुळे बेकरीची भट्टी हाच सगळ्या आळीचा ओव्हन.

त्याच भट्टीत रमजान ईदच्या आधी मुसलमान घरांतली नानखटाई भाजली जायची. पीठ घरचं, तूप घरचं, भट्टी बेकरीची. आता घरोघरी ओव्हन आलेत, तरी ही पद्धत पूर्ण संपलेली नाही.

ती संपेल का, हा प्रश्न एका न्यायालयीन आदेशामुळे समोर आला आहे.

आदेश नेमका काय आहे?

मुंबईच्या हवेच्या प्रदूषणाची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. त्या प्रकरणात ९ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने सांगितलं, की लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावं. आधी वर्षभराची मुदत होती, ती निम्मी झाली. मग महापालिकेने नोटिसा काढल्या आणि ८ जुलै २०२५ ही तारीख ठरली. कोळशाचे तंदूर चालवणारी हॉटेलं आणि ढाबेही या नोटिसांतून सुटले नाहीत. मुदत जवळ आली तेव्हा काही बेकरीमालक वाढीव वेळ मागायला पुन्हा न्यायालयात गेले. जुन्या इराणी बेकऱ्यांना वारसा म्हणून सूट द्या, अशीही मागणी झाली.

बहुतेक बातम्यांनी यातला एकच प्रश्न उचलला: पाव महागणार का? वडापावाच्या शहरात ते साहजिकच आहे. पण वांद्र्यासारख्या उपनगरात बेकरीचं काम पावापुरतं कधीच नव्हतं.

एकाच भट्टीभोवती किती स्वयंपाकघरं?

वांद्रे आणि साष्टीचा भाग १७३९ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. 'पाव' हा शब्दही त्यांच्याच भाषेतला. इथले मूळचे ख्रिस्ती मराठीचीच एक बोली बोलतात. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. नोकऱ्यांसाठी येणाऱ्या गोवेकर आणि मंगळुरी ख्रिस्त्यांपेक्षा आपण वेगळे, हे सरकारदरबारी कळावं म्हणून. म्हणजे बाहेरून सगळे 'वांद्र्याचे ख्रिश्चन' दिसत असले, तरी ताटं निदान तीन प्रकारची. ईस्ट इंडियनांचा उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरलेला बाटली मसाला, इंदयाल आणि तळलेले फुगे. गोवेकरांचं सोरपोतेल. मंगळुरी घरांतले सान्ना आणि नाताळच्या फराळाचा 'कुस्वार'. त्यांच्या शेजारी कोळी, मुसलमान, पारशी, आणि फाळणीनंतर खारच्या बाजूला वसलेले सिंधी.

सप्टेंबरात मोत माउलीच्या जत्रेला हे सगळे एका रस्त्यावर येतात. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होणाऱ्या या जत्रेत मेणबत्त्यांच्या शेजारी हलवा, चणे आणि 'कडियो-बोडियो' विकायला असतात. कुणाची जात-धर्म कुणी विचारत नाही, फक्त भाव विचारतात.

या घरांचं बरंचसं रांधणं शेगडीवर होतं, त्याला बेकरी लागत नाही. भाजायचे पदार्थ मात्र भट्टीकडेच जात. आणि भट्टी चालवणारा कारागीर बहुधा उत्तर प्रदेशातून आलेला मुसलमान. नाताळचा केक त्याच्या हातून भाजला जातो, यात वांद्र्यात कुणाला कधी काही विशेष वाटलं नाही.

लाकडाच्या भट्टीत असं काय आहे?

'लाकडाच्या धुराची चव' हे उत्तर मला फारसं पटत नाही. लादीपाव भट्टीत असतो थोडाच वेळ, आणि पाव आत जातो तेव्हा ज्वाळा बसलेली असते. खरी करामत विटांची आहे. आधी जाळ करून जाड भिंती आणि घुमट तापवायचा, मग निखारे बाजूला सारायचे, आणि साठलेल्या उष्णतेवर भाजायचं. भट्टी सर्वांत तापलेली असते तेव्हा पाव आणि ब्रून. थोडी उतरली की बिस्किटं, नानखटाई. अजून उतरली की केक आणि खारी-बटर सुकवणं. कारागीर आत मूठभर पीठ टाकून किंवा हात पुढे करून अंदाज घेतो, तापमापक नसतो.

शेजाऱ्यांच्या थाळ्या या उतरत्या उष्णतेवर भाजल्या जात. सकाळचा पाव निघून गेलेला, लाकडाचे पैसे वसूल झालेले. उरलेली धग तशीही वायाच जाणार होती, म्हणून थाळीमागे किरकोळ पैशांत काम होई. शेजारधर्म होताच, पण त्याच्यामागे फुकट उरलेली उष्णताही होती.

मग न्यायालय चुकलं का?

नाही. लाकूड म्हणजे दरवेळी जंगलातला सुका ओंडका नव्हे. स्वस्त पडतं म्हणून बेकऱ्यांत मोडक्या फर्निचरचं आणि इमारतींच्या भंगारातलं लाकूडही जळतं. त्यावर रंग, पॉलिश, प्लायवूडचा गोंद. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपने २०० बेकऱ्यांची पाहणी केली, तेव्हा जवळपास निम्म्या लाकडावर चालत होत्या. गावठाणात बेकरीचं धुराडं आणि वरच्या मजल्याची खिडकी यांत अनेकदा काही हातांचंच अंतर असतं. पहाटे तीनला धूर सुरू झाला की तो आधी शेजारच्या घरातल्या दमेकरी आजीच्या नाकात जातो, आणि त्याहूनही आधी भट्टीपुढे उभ्या कारागिराच्या. वारशाच्या नावाखाली या दोघांना विसरणं बरोबर नाही.

पण आदेशाने खर्च कोणावर टाकला, तेही पाहायला हवं. नवा ओव्हन लाखांत जातो. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांचं अनुदान मिळू शकतं, मात्र ते बँकेच्या कर्जाशी जोडलेलं आहे. पागडीच्या गाळ्यातल्या, कागदपत्रं आजोबांच्या नावावर राहिलेल्या बेकरीला कर्ज मिळवणं किती सोपं, हे मुंबईकराला सांगायला नको. गॅसची वाहिनी आणायची तर घरमालकाची संमती लागते, आणि पुनर्विकासाची वाट पाहणारा घरमालक ती का देईल? शिवाय भट्टी इमारतीच्या भिंतीतच बांधलेली. ती फोडायची म्हणजे काही आठवडे धंदा बंद. तोवर रोजचं गिऱ्हाईक कारखान्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतल्या पावाकडे वळतं.

वांद्र्यात बेकरी बंद होण्याला धुरापेक्षा जागेची किंमत जास्त कारणीभूत आहे. रानवारमधली सेंट ज्यूड बेकरी बंद झाली. त्याच जागेत २०२३ मध्ये 'व्हेरोनिकाज' नावाचं सँडविचचं दुकान सुरू झालं. दुकान चांगलं चालतं, आणि जुन्या वास्तूची आठवणही त्याने पुसलेली नाही. पण तिथे थाळी घेऊन कुणी जात नाही. हा बदल कुठल्याही न्यायालयाच्या आदेशाविना झाला. आदेशाने इतकंच होईल की जे बेकरीमालक 'विकू की चालवू' या विचारात होते, त्यांच्यापैकी काहींचा निर्णय लवकर होईल.

मधला मार्ग आहे. विटांची भट्टी तशीच ठेवून तिला गॅसचा बर्नर बसवता येतो. डिझेलचे बर्नर बेकऱ्यांत पूर्वीपासून वापरात आहेत, त्यामुळे कल्पना नवी नाही. खर्च नव्या ओव्हनपेक्षा कमी, धूर जातो, आणि भिंतींत साठणारी धग राहते. पालिकेने नोटिशीबरोबर हा पर्याय, तो बसवणारे कारागीर आणि वाहिनीसाठी एक खिडकी दिली असती, तर सहा महिने कमी पडले नसते. नुसती तारीख दिल्यावर ज्याच्याकडे भांडवल आहे तो यंत्र घेतो आणि बाकीचे वकील गाठतात.

गॅसच्या फिरत्या ओव्हनचं गणित वेगळं असतं. त्याचं बटण बंद केलं की उष्णता थोड्या वेळात संपते, आणि चालू ठेवलं की मीटर पळतो. एका वेळी किती ट्रे, किती मिनिटं, हे ठरलेलं. त्यात शेजारच्या घरच्या चार थाळ्या घ्यायच्या तर मालकाला आपले चार ट्रे बाहेर ठेवावे लागतात, आणि नाताळच्या आठवड्यात त्याच्याकडे केकच्या ऑर्डरी आधीच रांगेत असतात.