निळ्या गोळीचे सुवर्ण

१९७६ च्या जुलै महिन्यात कॅनडातील माँट्रियल येथे ऑलिम्पिक स्पर्धा भरल्या होत्या. महिलांच्या १०० मीटर फ्रीस्टाइल जलतरणाची अंतिम शर्यत पूर्व जर्मनीच्या सतरा वर्षांच्या कोर्नेलिया एन्डरने ५५.६५ सेकंदांत, नव्या जागतिक विक्रमासह जिंकली. दुसरा क्रमांक तिच्याच देशाच्या पेट्रा प्रीमरचा. तिसरी आली नेदरलँड्सची एनिथ ब्रिगिथा. क्युरासाव बेटावर जन्मलेली ही युवती ऑलिम्पिक जलतरणात वैयक्तिक पदक मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय महिला ठरली. अमेरिकेची शर्ली बाबाशॉफ पाचवी आली. निकालपत्रकातील हा क्रम आजही तसाच आहे. तो तसाच का राहिला, हा प्रश्न केवळ युरोपच्या इतिहासाचा नाही. भारताने २०३६ च्या ऑलिम्पिकचे यजमानपद भूषविण्याची इच्छा २०२४ मध्ये अधिकृतपणे कळविली, तेव्हापासून तो आपल्याही दाराशी येऊन उभा आहे.

अवघ्या चार वर्षांपूर्वी, म्यूनिक येथे, पूर्व जर्मनीच्या महिला जलतरणपटूंना एकही सुवर्णपदक मिळाले नव्हते. माँट्रियलमध्ये त्यांनी तेरापैकी अकरा सुवर्णे लुटली. सुमारे पावणेदोन कोटी लोकसंख्येच्या त्या देशाचा हा पराक्रम म्हणजे समाजवादी समाजरचनेच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा, असे तेथील राजवटीने जगाला ऐकविले आणि जगातील पुष्कळांनी ते ऐकूनही घेतले. मुलींचे घोगरे आवाज आणि रुंदावलेले खांदे पाहून कुणी शंका काढलीच, तर आमच्या मुली येथे पोहायला आल्या आहेत, गायला नव्हे, असे उत्तर मिळत असे.

खरे उत्तर बर्लिनची भिंत कोसळल्यानंतर मिळाले. वेर्नर फ्रांके हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या पत्नी, माजी थाळीफेकपटू ब्रिगिटे बेरेंडोंक यांनी त्या राजवटीची गुप्त कागदपत्रे उजेडात आणली. १९७४ पासून ‘राज्य योजना विषय १४.२५’ या नावाने शासनानेच एक कार्यक्रम राबविला होता. येनाफार्म या सरकारी कारखान्यात तयार होणाऱ्या ओरल-ट्युरिनाबोल नामक स्टिरॉइडच्या निळ्या गोळ्या खेळाडूंना दिल्या जात. अल्पवयीन मुलींना सांगितले जाई की ही जीवनसत्त्वे आहेत. आईवडिलांना तर काही कळूच द्यायचे नाही, असा दंडक होता. एन्डरनेही पुढे सांगितले की, आपल्याला इंजेक्शने दिली जात, पण ती कशाची हे ठाऊक नव्हते. अशा खेळाडूंची संख्या सुमारे दहा हजारांच्या घरात जाते.

महिलांच्या कमी अंतराच्या शर्यतींतच या प्रयोगाला इतके भरघोस पीक का आले, याचे कारण शरीरशास्त्रात आहे. पुरुषी संप्रेरक पुरुषाच्या देहात मुळातच विपुल असते. मुलीच्या देहात ते अत्यल्प, म्हणून बाहेरून दिलेल्या थोड्या मात्रेनेही स्नायूंचे बळ झपाट्याने वाढते. ज्या शर्यतीचा निकाल सेकंदाच्या दशांशावर लागतो, तेथे एवढे बळ पुरेसे असते. मात्र त्याची किंमत त्या मुलींनी नंतर आयुष्यभर मोजली. कुणाला यकृताचे विकार जडले, कुणाला स्त्रीरोगांनी ग्रासले. पदक राष्ट्राचे आणि दुखणे मुलीचे, अशी ही वाटणी होती. जे राज्य स्वतःला सर्वांचे पालक म्हणवीत होते, त्यानेच लेकींच्या देहाचा कच्चा माल केला.

शर्ली बाबाशॉफचे दुःख निराळे होते. माँट्रियलमध्ये २००, ४०० व ८०० मीटर अशा तिन्ही फ्रीस्टाइल शर्यतींत तिला पूर्व जर्मनीच्या मुलींमागे रौप्यावर समाधान मानावे लागले. या यशात काहीतरी काळेबेरे आहे, असे ती उघडपणे बोलली, तेव्हा तिच्याच देशातील वृत्तपत्रांनी तिला पराभव न पचवू शकणारी आकसखोर मुलगी ठरविले. महिलांच्या कार्यक्रमातील शेवटची शर्यत उरली होती ती चार गुणिले १०० मीटर फ्रीस्टाइल रिलेची. पहिल्या टप्प्यात एन्डरने आघाडी घेतली. तिसऱ्या टप्प्यात पंधरा वर्षांच्या जिल स्टर्केलने ती मोडून काढली आणि अखेरच्या टप्प्यात बाबाशॉफने पुढचे अंतर हातचे जाऊ दिले नाही. अमेरिकेची वेळ ३ मिनिटे ४४.८२ सेकंद, पूर्व जर्मनीची ३ मिनिटे ४५.५०. विज्ञानाचा दुरुपयोग करणाऱ्या एका अख्ख्या शासनयंत्रणेला चार मुलींनी अडुसष्ट शतांश सेकंदांनी हरविले. स्टर्केल पुढे बारा वर्षे पोहत राहिली. १९८८ मध्ये सेऊल येथे महिलांची ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत ऑलिम्पिकमध्ये प्रथमच झाली, तेव्हा सत्तावीस वर्षांच्या स्टर्केलला कांस्यपदक मिळाले, तेही पूर्व जर्मनीच्याच एका मुलीबरोबर विभागून!

न्याय किती झाला? जुलै २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड यांना बावीस महिन्यांची आणि वैद्यकीय प्रमुख मान्फ्रेड ह्योप्नर यांना अठरा महिन्यांची शिक्षा सुनावली. दोन्ही शिक्षा स्थगित, म्हणजे तुरुंगाची पायरी कुणालाच चढावी लागली नाही. जर्मनीने २००२ मध्ये पीडित खेळाडूंसाठी साहाय्याचा कायदा केला. पदकांच्या फेरवाटपाची मागणी मात्र आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १९९८ मध्येच फेटाळली होती.

जगाने यातून धडा घेतला म्हणावे, तर तसेही दिसत नाही. १९९४ च्या रोम येथील जागतिक स्पर्धेत चीनच्या महिलांनी सोळापैकी बारा सुवर्णे जिंकली आणि त्याच वर्षी हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत चीनचे सात जलतरणपटू उत्तेजक चाचणीत दोषी आढळले. आता तर पाश्चात्त्य भांडवलाने आडपडदाही टाकून दिला आहे. उत्तेजकांना खुली मुभा देणारी ‘एनहान्स्ड गेम्स’ नावाची स्पर्धा २०२६ मध्ये लास व्हेगास येथे भरविण्याची घोषणा २०२५ साली झाली. फ्रीस्टाइलच्या लहान शर्यती तिच्या कार्यक्रमात अग्रभागी होत्या. साम्यवादी राजवट जे लपवून करीत होती, तेच बाजार उजळ माथ्याने करू पाहतो. दोघांच्याही लेखी देह हे केवळ यंत्र आहे.

आणि आपण? जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीत, पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांमध्ये दोषी नमुन्यांचे सर्वाधिक प्रमाण भारताचे होते. ५,६०६ पैकी २१३ नमुने, म्हणजे ३.८ टक्के. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य अजिंक्यपद मैदानी स्पर्धेत तपासनीस आल्याची वार्ता पसरताच खेळाडू पसार झाले आणि पुरुषांच्या १०० मीटर अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला. भारतीयांच्या माना शरमेने खाली जाव्यात असेच हे चित्र होते. येथे सरकारी कट नाही, हे खरे. येथे आहे ती नोकरीची, बक्षिसाची, चटकन नाव मिळविण्याची घाई आणि तिला खतपाणी घालणारे प्रशिक्षक. साधनशुचितेची थोरवी व्यासपीठावरून सांगणाऱ्या समाजाने आपल्या मैदानांकडे आणि तलावांकडेही पाहावयास हवे.

घाईवाचूनही वेग साधतो. स्वीडनची सारा ह्योस्त्रोम २००८ साली चौदाव्या वर्षी प्रथम ऑलिम्पिकमध्ये उतरली. २०२४ मध्ये पॅरिसला, आपल्या पाचव्या ऑलिम्पिकमध्ये, तिने वयाच्या तिसाव्या वर्षी ५० आणि १०० मीटर फ्रीस्टाइलची दोन्ही सुवर्णे पटकाविली. एन्डरची कारकीर्द माँट्रियलबरोबरच सतराव्या वर्षी संपली होती.

२०२२ मध्ये संसदेने उत्तेजकविरोधी कायदा संमत केला. त्याची खरी कसोटी दिल्लीच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर बालेवाडीच्या तलावावर आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील क्रीडा प्रबोधिन्यांमध्ये लागेल. अथेन्स ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइलच्या शर्यतीत पोहलेली बंगळुरूची शिखा टंडन हिने पुढे अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेत काम केले. अशांचा अनुभव येथील प्रशिक्षणवर्गांना मिळावा. दोषी खेळाडूवर बंदी घालताना तिला गोळी देणाऱ्या हाताचाही शोध घेतला जावा. आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलीला दिली जाणारी प्रत्येक गोळी, प्रत्येक भुकटी नेमकी कसली आहे, हे तिच्या आईवडिलांना लेखी कळविण्याची सक्ती प्रत्येक संस्थेवर राज्य शासनाने येत्या हंगामापूर्वीच करावी.