रेषेमागचा हात

वैशाखऱ्यास आजोळी आलेली मुले ‘टिंकल’मधील सुप्पंडी वाचून दुपारभर हसत होती. ‘‘ही चित्रे कोण काढतो रे?’’ मी विचारले. ‘काढतो’ हे माझ्याच तोंडून निसटले!

१९८३ साली अवतरलेल्या सुप्पंडीस राम वाईरकरांनी रूप दिले. ‘अमर चित्र कथा’मधील ‘कृष्ण’ही त्यांच्याच हातचा. २००३ साली ते निवर्तले आणि पुढे त्यांची कन्या अर्चना आंबेरकर यांनी कुंचला हाती घेतला. पित्याची रेषा त्यांनी इतक्या निष्ठेने जपली, की हात बदलल्याचे आम्हा वाचकांच्या ध्यानीही आले नाही. त्या निष्ठेनेच त्यांना झाकून टाकले.

‘‘आजी, बाई काढतात होय?’’ म्हणत नातीने अंक पहिल्या पानापासून पुन्हा उघडला.