अकॉर्डियनची बाजू

अकॉर्डियन आणि पेटी एकाच कुळातली. भात्यातली हवा धातूच्या पातळ जिभेवरून गेली की जीभ थरथरते आणि सूर उमटतो. दोन्हींचे मर्म हेच. पेण-रोह्याकडच्या भजनात पेटीवाचून पान हलत नाही, अकॉर्डियनला मात्र तिथे कोणी विचारत नाही. त्यासाठी दिली जाणारी बहुतेक कारणे तपासून पाहिली तर लंगडी ठरतात.

पहिला आक्षेप परकेपणाचा. सिरिल डेमियनने १८२९ मध्ये व्हिएन्नात अकॉर्डियनचे पेटंट घेतले, हे खरे. पण पेटीचे, म्हणजे हार्मोनियमचे, पेटंटही पॅरिसच्या दबेनचे, १८४२ चे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला हातपेटीचे रूप दिले, तेव्हा ती मांडी घालून बसणाऱ्या गवयापुढे आली. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडले. तेवढ्या वर्षांत एकाही भजनी बुवाने पेटी अडगळीत टाकली नाही. परकेपणा पेटीला माफ असेल, तर तो अकॉर्डियनलाच नडण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप मींडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकण्याचा. अकॉर्डियनवर मींड निघत नाही, हे मान्यच. पण पेटीवर तरी कुठे निघते? उलट स्वराचा जोर कमीजास्त करण्यात अकॉर्डियनच सरस आहे. पेटीच्या पोटात स्प्रिंगने दाबलेला हवेचा साठा असतो आणि भाता मारतानाचे चढउतार तो गिळून टाकतो. अकॉर्डियनमध्ये असा साठा नसतो. डाव्या हाताचा जोर थेट सुरापर्यंत पोचतो, म्हणून एकच स्वर धरून तो हळूहळू फुलवता येतो, हिसका देऊन तोडता येतो, कापराही करता येतो. पियानो अकॉर्डियनमध्ये प्रत्येक स्वराला भाता उघडतानाची एक आणि मिटतानाची एक अशा जिभा असल्याने दिशा बदलली तरी स्वर तोच राहतो.

डाव्या हाताच्या बटणांमुळे राग बिघडतो, अशीही तक्रार असते. १२० बटणांच्या वाद्यात सहा ओळी असतात. त्यांतल्या चार तयार स्वरमेळांच्या, पण दोन सुट्या स्वरांच्या. त्या दोनच वापरून षड्ज धरला, तर रागाला धक्का लागत नाही.

सिनेमातले छचोर वाद्य हा शिक्का तर सर्वांत अन्यायाचा. ‘आराधना’तल्या (१९६९) ‘रूप तेरा मस्ताना’मध्ये केरसी लॉर्ड यांचे अकॉर्डियन गायकाने सोडलेल्या जागा नेमक्या भरते. भजनात ओळ संपताच पेटी करते ते काम याहून वेगळे नाही. पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांनी तर चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिकांत शब्दांविना सबंध गाणे या वाद्यावर पेलून दाखवले.

खऱ्या अडचणी वेगळ्याच. मोठे वाद्य दहा-बारा किलोंचे असते. कोकणच्या पावसाळी हवेत पोलादी जिभा गंजतात, त्यांवरच्या चामड्याच्या झडपा वाकतात. दुरुस्त करणारा कारागीरही सहजी मिळत नाही. यावर ४८ बटणांचे हलके वाद्य आणि कोरडा, घट्ट झाकणाचा खोका हा उपाय बराचसा पुरतो.

पेटीवाल्याचा उजवा हात अकॉर्डियनवर लवकर बसतो, कारण काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी तीच. बुवांची गाण्याची पट्टी, काळी चार, जागची हलत नाही. मेहनत डाव्या हाताची: भाता आणि बटणे दोन्ही सांभाळायची, तीही न बघता. पेटी गळ्यात अडकवून पालखीपुढे वाजवत चालणाऱ्याला यातले अर्धे आधीच येते.